संस्कृत एम.ए. झालं, आता ग्रीक-लॅटिनसाठी परदेशी जायचंय: तयारी कशी करावी?

प्रश्न: मी पुण्यातून संस्कृतमध्ये एम.ए. केलंय. गेली दोन वर्षं घरीच ग्रीक शिकते आहे, लॅटिन नुकतंच सुरू केलंय. प्राचीन भाषांमध्येच परदेशी पीएचडी करायची आहे. क्लासिक्सच्या (ग्रीक-लॅटिनच्या) विभागात जावं की इंडॉलॉजीत (भारतविद्येत)? अमेरिका, इंग्लंड की जर्मनी? पैशांचं कसं जमवायचं? बाबा विचारतात, हे सगळं शिकून पुढे काय? आणि याच डिसेंबरला अर्ज करू का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. या डिसेंबरला अर्ज करू नकोस, पुढच्या डिसेंबरला कर. तू चुकीच्या वाटेवर नाहीस, पण तयारी अजून अर्धीच झाली आहे, आणि अर्धी तयारी अर्जात लपत नाही. मीही संस्कृतातूनच ग्रीक-लॅटिनकडे आले. आता परदेशी विद्यापीठात याच भाषा शिकवते आणि दरवर्षी पीएचडीचे अर्ज वाचते. अर्ज हातात आला की आम्ही आधी एवढंच बघतो, की ही मुलगी किंवा हा मुलगा मूळ भाषेत किती वाचू शकतो. मार्क, कॉलेजचं नाव, एसओपी (आपल्याला काय आणि का शिकायचंय ते सांगणारं निवेदन) हे सगळं नंतर.

क्लासिक्सचे बरेच विभाग अर्जासोबत मूळ भाषेत वाचलेल्या ग्रंथांची यादीच मागतात. होमरचे कोणते सर्ग, प्लेटोचे कोणते संवाद, सिसेरोची कोणती भाषणं, सगळं नावानिशी. प्रवेश मिळाल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांत भाषांतराच्या परीक्षा असतात. ठरलेल्या ग्रंथांतले उतारे आणि अनेक ठिकाणी न पाहिलेले उतारेही, कोश न वापरता, घड्याळ लावून. तुझ्याबरोबर अर्ज करणाऱ्या अमेरिकन किंवा ब्रिटिश मुलांनी साधारणपणे एक भाषा चार वर्षं आणि दुसरी दोन-तीन वर्षं कॉलेजात वाचलेली असते. त्यांच्या शेजारी 'लॅटिन: प्राथमिक' असं लिहिलेला अर्ज ठेवला, की बाकी कितीही चांगला असला तरी समितीला पुढे जाता येत नाही.

म्हणून हे वर्ष वाचनाला दे. लॅटिनचं व्याकरण सहा महिन्यांत उरकेल. आठवीपासून विभक्ती चालवणाऱ्या मुलीला ते अवघड नाही. मग सीझर, सिसेरोचं एखादं पूर्ण भाषण, व्हर्जिलच्या 'ईनिड'चा एक पूर्ण सर्ग. ग्रीकमध्ये लिसियासचं एक भाषण, प्लेटोचा एखादा छोटा संवाद, हिरॉडोटसचा थोडा भाग आणि होमरच्या 'इलियड'चे निदान दोन सर्ग अथपासून इतिपर्यंत. वेचे नकोत. वेचे वाचणाऱ्याला लेखकाची चाल कधीच अंगवळणी पडत नाही.

इथे एक सावधगिरी. आपल्याला शाळेपासून अन्वय लावून वाचायची सवय असते: आधी क्रियापद शोध, मग कर्ता, मग कर्म, मग विशेषणं जिथल्या तिथे. कालिदासासाठी ठीक आहे, पण ग्रीक-लॅटिन असं वाचलंस तर वेग कधीच येणार नाही. वाक्य ज्या क्रमाने आलंय त्याच क्रमाने कळत गेलं पाहिजे. क्रियापद शेवटी येणार असेल तर तोवर थांबायची तयारी हवी. रोज वीस ओळी मोठ्याने, पेन्सिल खाली ठेवून. इंटरनेटवर पर्सियससारखी फुकट ग्रंथसंग्रहं आहेत, त्यात शब्दावर क्लिक केलं की अर्थ आणि व्याकरण समोर येतं. पहिल्या वाचनात ते उघडूच नकोस. क्लिक करत वाचलेलं परीक्षेत आठवत नाही.

आता तुझ्या जमेच्या बाजूबद्दल, कारण तुझ्या पत्रात संस्कृतचा उल्लेख जरा ओशाळल्यासारखा आला आहे, जणू मुख्य रस्ता सोडून भलतीकडेच वेळ गेला. तसं अजिबात नाही. 'इलियड'च्या नवव्या सर्गातली १८२वी ओळ घे. देवनागरीत ऱ्हस्व ए-ओ दाखवता येत नाहीत, तेव्हा उच्चार अंदाजेच: 'तो दे बतेन परा थीना पोलुफ्लोइस्बोइओ थलस्सेस'. म्हणजे, गर्जणाऱ्या समुद्राच्या काठाने ते दोघे निघाले. आधी वृत्त बघ. होमरच्या षट्पदीचा, म्हणजे सहा गणांच्या ओळीचा, मूळ गण म्हणजे गुरु-लघु-लघु, आपला भगण. त्याच्या जागी दोन गुरूही चालतात. या ओळीत पहिले तीन भगण, चौथ्या जागी दोन गुरु, पाचवा पुन्हा भगण, शेवटी दोन गुरु. चौथ्या जागेतला 'लु' मुळात ऱ्हस्व, पण पुढे 'फ्ल' हे जोडाक्षर आल्यामुळे तो गुरु होतो. पाणिनीचं 'संयोगे गुरु' इथे जसंच्या तसं लागू पडतं. माझे इंग्रजीभाषक विद्यार्थी हे आठवडेच्या आठवडे घोकतात. तुला ते एका संध्याकाळी जमेल.

पण खरी गंमत 'ते दोघे' यात आहे. रुसून युद्ध सोडलेल्या अकिलीसची समजूत काढायला वृद्ध नेस्टर ज्यांना निवडतो ते तिघं आहेत: फिनिक्स, एजॅक्स आणि ओडिसियस. शिवाय दोन भालदार. मग कवी द्विवचन का वापरतो? अलेक्झांड्रियाच्या पंडितांपासून आजपर्यंत यावर वाद चालू आहे. कुणी म्हणतं, आधीच्या कथेत दोघंच होते आणि फिनिक्स नंतर घुसवला. कुणी म्हणतं, होमरच्या काळी द्विवचन अनेकवचनासाठीही चालून जात होतं. ज्याच्या कानाला द्विवचन ही जिवंत गोष्ट आहे तो या वादात वेगळं काहीतरी बोलू शकतो. याकोब वाकरनागेल या भाषाशास्त्रज्ञाने १८७७ मध्ये नेमकं हेच केलं. होमरमध्ये एजॅक्सचं द्विवचन येतं ते एजॅक्स नावाचे दोन वीर म्हणून घेतलं जात होतं. त्याने दाखवलं की मुळात त्याचा अर्थ 'एजॅक्स आणि त्याचा भाऊ ट्यूकर' असा असणार. आधार कुठला, तर संस्कृतचा 'पितरौ' म्हणजे आई आणि वडील, पाणिनीच्या 'पिता मात्रा' या सूत्रातला एकशेष, म्हणजे दोघांपैकी एकच शब्द ठेवून दोघांचा बोध करून देणं. तुला हे सूत्र पाठ आहे. अर्जासोबत जो नमुना निबंध पाठवायचा असतो तो अशा एखाद्या छोट्या, घट्ट मुद्द्यावर लिही. 'रामायण आणि इलियड: एक तुलनात्मक अभ्यास' या धर्तीचा विषय घेऊ नकोस. पंधरा-वीस पानांत त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

यातूनच विभागाचा प्रश्नही सुटतो. स्वतःला विचार, दहा वर्षांनी टेबलावर कोणता ग्रंथ उघडा असावा असं वाटतं? होमर किंवा टॅसिटस असेल तर क्लासिक्स. महाभारत किंवा काव्यशास्त्र असेल तर दक्षिण आशियाई अभ्यासाचे विभाग, मग ग्रीक हौसेने चालू ठेव. आणि 'दोन्ही' असं उत्तर आलं, जे मला तुझ्या पत्रातून दिसतंय, तर तिसरी वाट आहे आणि तुझ्यासाठी मला तीच सगळ्यात योग्य वाटते: भारोपीय भाषांचं, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन अशा एकाच मूळ भाषेतून आलेल्या भाषांचं, तौलनिक भाषाशास्त्र. लॉस एंजलिसच्या युसीएलएमध्ये यासाठी स्वतंत्र पीएचडी आहे. कॉर्नेल आणि हार्वर्डच्या भाषाशास्त्र विभागांत हा अभ्यास जुना आहे. युरोपात लायडन, वुर्ट्सबुर्ग, कोपनहेगन. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज. तिथे संस्कृत आणि ग्रीक हे पहिले दोन खांब मानले जातात, लॅटिन आणि हित्ती (आजच्या तुर्कस्तानातली एक प्राचीन भाषा) त्यात भर म्हणून शिकता येतात. तिथे तू कमी तयारीची उमेदवार ठरत नाहीस. उलट वेदाची सूक्तं ज्या सहजतेने तू वाचतेस तशी वाचणारे अर्जदार फारच थोडे असतात. फक्त भाषाशास्त्राची, निदान ध्वनिबदलाच्या नियमांची, पक्की ओळख या वर्षात करून घे.

युरोपातलं शिक्षण घेऊन ते पुण्याच्या कामी कसं येतं याचं उत्तम उदाहरण तुझ्या घराजवळच आहे. विष्णु सीताराम सुकथनकर केंब्रिजला गणित शिकले, मग बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स यांच्याकडे संस्कृतकडे वळले. १९२५ मध्ये भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून पाठ ठरवणाऱ्या आवृत्तीचे, प्रमुख संपादक झाले आणि १९३३ मध्ये आदिपर्वाची प्रस्तावना लिहिली. ग्रीक-लॅटिन ग्रंथांसाठी घडलेली पाठचिकित्सेची पद्धत त्यांनी घेतली, आणि जिथे ती महाभारताला लागू पडत नाही, म्हणजे हस्तलिखितं एकमेकांत मिसळत गेली आहेत, तिथे ती का लागू पडत नाही हेही सांगितलं. ती प्रस्तावना वाचली नसशील तर या महिन्यात वाच. आदिपर्वाचं कोणतंही पान उघडून खालच्या पाठभेदांच्या ओळी उलगडायचा सराव कर: शारदा, काश्मिरी, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशी हस्तलिखितांची खुणेची अक्षरं, कुठे कोणता पाठ, कुठे ओळ गाळलेली. ग्रीक-लॅटिनच्या चिकित्सक आवृत्तीतही पानाच्या तळाशी हेच असतं, फक्त लॅटिनमधून. हे वाचता येणारा विद्यार्थी पहिल्याच सेमिनारमध्ये लक्षात राहतो.

पैशांचं आता स्पष्टच लिहिते. कर्ज काढून जाऊ नकोस. घर गहाण ठेवून इंग्लंडची एक वर्षाची मास्टर्स करणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि हुशार असूनही ती पुढची तीन वर्षं पीएचडीच्या अभ्यासाऐवजी हप्त्याच्या चिंतेत घालवतात. अमेरिकेतल्या चांगल्या विभागांत पीएचडीला प्रवेश म्हणजे फी माफ आणि पाच-सहा वर्षं स्टायपेंड, बदल्यात काही सत्रं शिकवायचं. स्टायपेंड नसलेला प्रवेश आला तर तो नाकारायचा, विद्यापीठाचं नाव कितीही मोठं असो. मात्र जागा कमी झाल्या आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये शिकागो विद्यापीठाने मानव्यशाखेतल्या अनेक विभागांचे पीएचडी प्रवेश पुढच्या वर्षापुरते थांबवले. म्हणून अर्ज सात-आठ ठिकाणी कर आणि प्रत्येक विभागाला त्या वर्षी प्रवेश आहेत की नाहीत हे आधी विचार. अर्जाची फी माफ करायची सोयही बऱ्याच ठिकाणी असते, विनंती करावी लागते.

इंग्लंडसाठी शिष्यवृत्ती हाच रस्ता आहे. ऑक्सफर्ड, रीडिंग आणि लंडनच्या सोएससाठी भारतीय विद्यार्थ्यांना फेलिक्स शिष्यवृत्ती आहे. ऱ्होड्स, क्लॅरेंडन, गेट्स केंब्रिज, कॉमनवेल्थ या तुला माहीत असतीलच. मुंबईच्या जे. एन. टाटा एंडोमेंटची मदत ही कर्ज-शिष्यवृत्ती आहे, म्हणजे परत करायची असते, हे लक्षात ठेव. तुझ्या पत्रात प्रवर्गाचा उल्लेख नाही, पण हे उत्तर इतरही वाचतील म्हणून लिहिते: अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपही आहे, पण २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय तिच्यातून वगळले गेले. ज्या मुलांच्या घरात संस्कृत कधी पोचू दिलं गेलं नाही त्यांनीच आता ते परदेशी जाऊन शिकायचं म्हटलं तर दार बंद, हे मला फार अन्यायाचं वाटतं. अर्ज करण्याआधी त्या वर्षीची नियमावली शब्दन् शब्द वाचा. ग्रीक, लॅटिन किंवा भारोपीय भाषाशास्त्र असा विषय भारताविषयीचा ठरतो का, हे लेखी विचारून घ्या.

जर्मनीत बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठांना फी नाही, फक्त दर सत्राला थोडी वर्गणी. बाडेन-वुर्टेम्बर्ग हे राज्य मात्र २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं, आणि हायडेलबर्ग, ट्युबिंगेन, फ्रायबुर्ग ही आपल्या कानावर असलेली नावं नेमकी त्याच राज्यातली. व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच पैसे काढता येतात अशा खात्यात, ठेवावा लागतो. २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ युरो आहे. भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्रही (शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला) लागतं, त्याला वेळ लागतो, तेव्हा ते काम आधी सुरू कर. क्लासिक्सच्या अभ्यासक्रमांत लाटिनुम आणि ग्राएकुम ही भाषाज्ञानाची प्रमाणपत्रं मागतात आणि शिकवणं जर्मनमध्ये असतं.

जर्मनीला गेलीस नाहीस तरी जर्मन वाचता यायलाच हवं. बोलता नाही आलं तरी चालेल. वाकरनागेलचं संस्कृत व्याकरण, ब्योटलिंक-रोटचा सेंट पीटर्सबर्ग कोश, गेल्डनरचं ऋग्वेदाचं भाषांतर, पाउली-विस्सोवाचा प्रचंड ज्ञानकोश, सगळं जर्मनमध्ये आहे. अमेरिकेतल्या पीएचडीत जर्मन आणि फ्रेंच किंवा इटालियन वाचनाची परीक्षा असते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्सम्युलर भवन दोन्ही हाताशी आहेत, तेव्हा सबब नाही. लॅटिन-ग्रीकसाठी शिक्षक हवा असेल तर नगर रोडच्या ज्ञानदीप विद्यापीठासारख्या धर्मशास्त्राच्या संस्थांत विचारून बघ. तिथे बायबलसाठी ग्रीक वाचणारी माणसं भेटतात. नव्या कराराचं ग्रीक प्लेटोपेक्षा सोपं आहे, पण शेजारी बसून चुका दाखवणारं कुणी असणं ही फार मोठी गोष्ट आहे.

शिफारसपत्रांत आपली मुलं हकनाक मार खातात. 'ही विद्यार्थिनी प्रामाणिक, कष्टाळू आणि विनम्र असून तिच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा' अशी चार ओळींची पत्रं येतात आणि त्यातून आम्हाला काहीही कळत नाही. सरांना किंवा मॅडमना दोष देऊ नकोस, आपल्याकडे तीच रीत आहे. तू त्यांच्याकडे दोन महिने आधी जा. तुझा निबंध, वाचलेल्या ग्रंथांची यादी आणि त्यांच्या वर्गात तू काय काम केलंस याचं एक टिपण दे. मग नम्रपणे सांग, की पत्रात ठोस उदाहरण हवं असतं: अमुक ग्रंथ वाचताना हिने अमुक शंका काढली, ती अशी सोडवली. असं एक वाक्य दहा विशेषणांना भारी पडतं.

एसओपीत आजीने शिकवलेली स्तोत्रं, भारतीय संस्कृतीची ओढ, संस्कृत ही सर्व भाषांची जननी, यातलं काही नको. शेवटचं तर मुळीच नको, कारण तौलनिक भाषाशास्त्र वाचलेल्या माणसाने ते लिहिलं की पुढचं कुणी वाचत नाही. पहिल्या परिच्छेदात तुझा प्रश्न असू दे. कोणत्या ग्रंथातलं काय तुला खटकतं, त्यावर आजवर काय वाचलंस, आणि ते सोडवायला हाच विभाग का हवा.

बाबांच्या प्रश्नाला गोड उत्तर देणार नाही. विद्यापीठातली कायमची नोकरी मिळणं कठीण आहे आणि येत्या काळात सोपं होईल असं दिसत नाही. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाने २०२१ मध्ये क्लासिक्स विभागच बंद करायचं ठरवलं. म्हणून बाबांना दोन गोष्टी सांग. एक, स्टायपेंड असलेली पीएचडी म्हणजे पाच-सहा वर्षं पगार घेऊन केलेलं कामच आहे, त्यात घरचा पैसा जात नाही. दोन, जाण्याआधी तू संस्कृतची नेट किंवा सेट देऊन टाक. ती पात्रता टिकून राहते आणि परत यायचं ठरवलंस तर महाविद्यालयाचं दार उघडं राहतं. डेक्कन कॉलेजात १९४८ पासून चाललेला संस्कृत महाकोश अजून 'अ' या अक्षरातच आहे. हस्तलिखितांच्या सूची, आवृत्त्या, कोश यांसाठी ग्रीक-लॅटिनची शिस्त अंगी असलेली संस्कृतची माणसं आपल्याकडे हवीच आहेत, पगार कमी असला तरी. हे सगळं मांडूनही बाबा नको म्हणाले तर एकदम भांडू नकोस. पहिलं स्टायपेंडचं पत्र आलं की त्यांच्यासमोर ठेव. बहुतेक घरांत चर्चा तिथे बदलते.

अर्जाआधी प्राध्यापकांना मेल करायचा असतो. तो सप्टेंबरमध्ये कर, त्या आधी उन्हाळ्याच्या सुट्टीत कुणी बघत नाही. दहा ओळींच्या वर नको. आपण कोण, कोणत्या भाषा किती वाचल्या, प्रश्न कोणता, त्यांचा कोणता लेख वाचला आणि त्यातल्या कोणत्या मुद्द्यावर काय विचारायचंय. 'रिस्पेक्टेड सर' पेक्षा 'डिअर प्रोफेसर' आणि आडनाव. निबंध जोडू नकोस, हवा असल्यास पाठवीन असं लिही. आणि येत्या वर्षी ते नवीन विद्यार्थी घेणार आहेत का, हे सरळ विचार; या प्रश्नाचा कुणाला राग येत नाही आणि तुझी एका अर्जाची फी वाचू शकते. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण कर, मग पुढच्या नावाकडे वळ.